कितवीपासून?

जून २००० मध्ये महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीच्या वर्गात इंग्रजी आली. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी निर्णय रेटून नेला आणि वाद पेटला. मराठी मरेल, सहा वर्षांच्या पोरावर ओझं पडेल, शिकवणार कोण, असे आक्षेप होते. समर्थकांचा मुद्दा एकच होता, पण बिनतोड. शहरातल्या सुखवस्तू घरातलं मूल तिसऱ्या वर्षीच इंग्रजी नर्सरीत बसतं, मग शेतमजुराच्या मुलानं पाचवीपर्यंत का थांबायचं? न्यायाचा प्रश्न म्हणून मोरेंची बाजू मला तेव्हा पटली होती आणि आजही पटते. पण मूल भाषा शिकतं कसं, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्या वादात त्याच्याकडे फारसं कुणी वळलंच नाही.

‘कितवीपासून’ हा आपला जुना घोळ आहे. इंग्रजी अमदानीत चार इयत्ता मराठी झाली की मूल ‘इंग्रजी पहिली’त जाई आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्याच्या हाती येई. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती पद्धत पेलत होती. नियम समजावून घेण्याचं ते वयच असतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपर्यंत मागे गेली, पुढे पाचवीवर आली. इयत्ता सरकत राहिली, शिकवण्याची रीत मात्र बरीचशी तर्खडकरी राहिली. तीच रीत २००० मध्ये सहा वर्षांच्या मुलांपुढे येऊन उभी ठाकली.

बालभारतीवर याचं खापर फोडता येणार नाही. पहिलीच्या पुस्तकाचा भर ऐकण्या-बोलण्यावर, गाण्यांवर, खेळांवर होता. बाईंनी इंग्रजीत सांगायचं, मुलांनी उठायचं, बसायचं, उडी मारायची, खिडकीला हात लावून यायचं. अमेरिकेत जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही पद्धत. तिच्यामागचा विचार असा की घरातलं तान्हं वर्षभर नुसतं ऐकतं, सांगितलेलं करतं आणि मग बोलतं. परक्या भाषेतही त्याला तेवढी सवड द्यावी.

अडचण अशी की या पद्धतीत पुस्तक दुय्यम असतं, बोलणारं माणूस मुख्य. आणि ते माणूस स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवून, मराठीतून डी.एड. करून आलेलं होतं. चुकेन म्हणून इंग्रजीत बोलायला कचरणारं. मग वर्गात ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असा एका सुरात घोष सुरू झाला. शिक्षकाला दोष देणं सोपं आहे. प्रशिक्षणं झाली, पण आठवड्याभराच्या शिबिरातून कुणी एखाद्या भाषेत लहान मुलांशी गप्पा मारू लागत नाही. त्यातही काही शिक्षकांनी संकोच सोडला, मोडकंतोडकं का होईना, पण मुलांशी इंग्रजीत बोलत राहिले. त्यांचे वर्ग लगेच ओळखू येत. पाहुणा आला की तिथली मुलं पाठ केलेली कविता म्हणून दाखवत नसत, त्याला प्रश्न विचारत.

वेळेचा हिशेबही कुणी नीट मांडला नाही. रोज अर्धा तास धरला आणि शाळा दोनशे दिवस भरली, तर वर्षाला शंभर तास होतात. घरची भाषा तेवढा वेळ मूल दहा-बारा दिवसांत ऐकतं. शंभर तासांच्या भरवशावर ‘लहान वयात भाषा आपोआप येते’ म्हणणं धाडसाचंच.

हा अनुभव इंग्लंडने आपल्या आधी घेतला होता. तिथल्या सरकारी शाळांत १९६४ पासून आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवून पाहण्यात आलं. क्लेअर बर्स्टल यांचा अहवाल १९७४ मध्ये आला. सोळाव्या वर्षी ही मुलं अकराव्या वर्षी सुरुवात केलेल्यांच्या फारशी पुढे नव्हती. ऐकून समजण्यात काय ती थोडी आघाडी. पुढे बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंच आढळलं. तास सारखे दिले तर शाळेत इंग्रजी शिकणारी वयानं मोठी मुलंच भराभर शिकतात.

मग लहान वयाची ती जादू खोटी? नाही, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आपल्याला जवळचा वाटावा. कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला होता. घरात जे ऐकू येत नाही ते कान सोडून देतो.

सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन ऐकवली तर? बारा बैठकांत मँडरिनभाषक माणसं त्यांच्याशी खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. त्या भाषेतला ध्वनिभेद बाळांनी टिपला. दुसऱ्या गटाला त्याच माणसांची तीच बैठक पडद्यावर दाखवली, तेव्हा काहीच पदरात पडलं नाही.

पंचवीस वर्षांच्या या मागोव्यात हा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच काळात आपल्या घराघरांत उलटंच घडत गेलं. आधी सीडी आल्या, मग मोबाइल; करोनात तर अंगणवाडीही बंद आणि शाळाही. घास भरवताना फोनवर इंग्रजी बडबडगीतं. तिसऱ्या वर्षी मूल रंगांची, फळांची, प्राण्यांची नावं घडाघडा सांगतं आणि आई-बाबा खूश. बोलणं मात्र ‘बेटा, हँड वॉश कर, मग ॲपल खा’ इतपतच. त्यात मराठीतली गोष्ट गेली आणि इंग्रजीतली आली नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांत याचंच दुसरं टोक दिसतं. तिथे परकी ठरते मराठी. महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या शाळांतले स्वयंसेवक जीव तोडून शिकवतात. पण आजी सहा महिने राहायला आली आणि तिला इंग्रजी जेमतेमच येत असलं, तर नातवंडं जी मराठी बोलू लागतात, ती कुठल्याच अभ्यासक्रमाला जमलेली नाही. मुलाला तिच्याकडून काहीतरी हवं असतं, लाडू, गोष्ट, किमान दादाची तक्रार ऐकून घेणारं कुणी. दुसरा मार्ग नसतो.

इकडे राज्यात पहिलीला द्विभाषिक पुस्तकं येऊन गेली. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची केल्याचा शासन निर्णय आला, जूनमध्ये ‘अनिवार्य’ गेलं, ‘सर्वसाधारणपणे’ आलं, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. माझा त्या सक्तीला विरोधच होता. पण वाद पुन्हा इयत्तेपाशीच अडकला.

आणि या सगळ्या वादांत काही मुलं कधी धरलीच गेली नाहीत. मेळघाटातलं कोरकू, भामरागडातलं माडिया, नंदुरबारच्या डोंगरातलं पावरी बोलणारं मूल. त्याच्यासाठी पहिलीतली परकी भाषा म्हणजे आपली मराठी. इंग्रजी त्याच्या पुढची. अंगणवाडीची सेविका त्याच गावची असावी असा नियम आहे, त्यामुळे पुष्कळदा तिला दोन्ही बोली येतात. भांडं, पाणी, भूक, झोका, रुसवा हे सगळं ती आधी त्याच्या भाषेत आणि मग हळूच मराठीत बोलते. कूल यांच्या प्रयोगशाळेत पैसे मोजून जे केलं, ते ती रोज सकाळी करते. सरकारदरबारी तिला शिक्षिका म्हणत नाहीत. तिला मिळतं ते मानधन, वेतन नव्हे.