तांड्याच्या तीन पिढ्या

माझ्या आजीने मरेपर्यंत फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, सोडली नाही. याडीने, म्हणजे आईने, सासरी आल्यावर साडी धरली. मी शाळेत शिकवायला सलवार-कमीज घालून जाते. पोशाख बदलला तशी बोलीही. आजी गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीतच भांडायची. माझ्या मुलाला ती समजते, पण उत्तर तो मराठीत देतो.

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळका रेल्वे या गावाच्या आसपास, मालेगाव तालुक्यात, आम्ही गोरमाटी म्हणजे बंजारे आता स्थायिक आहोत. पूर्वज राजस्थानाकडून आले. बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरायचे. मोगल फौजांना दख्खनमध्ये रसद त्यांनीच पुरवली. आगगाडी आणि पक्के रस्ते आले आणि लदेणी, म्हणजे हा बैलांवरचा व्यापार, बुडाली. त्यातच 1871 च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. बंजाऱ्यांच्याही वाट्याला तो आला. 1952 मध्ये कायदा गेला. संशय जायला पिढ्या लागल्या.

तरीही मिसळणं झालंच. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 राज्याचे मुख्यमंत्री होते. आमच्याच जिल्ह्यातल्या पोहरादेवीला आमचे संत सेवालाल महाराज यांच्या दर्शनाला तेलंगण-कर्नाटकातून माणसं येतात. गंमत पाहा, तेलंगणात हीच माणसं अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि इथे विमुक्त जातीत. माणूस एकच, कागद राज्यागणिक वेगळा.

पण सगळ्यांचं सारखं जमलेलं नाही. दसरा-दिवाळीनंतर अनेक तांड्यांतून कोयता घेऊन माणसं ऊसतोडीला जातात. लेकरं सोबत गेली की वर्गातले बाक रिकामे. घरी गोरबोलीच ऐकलेलं पहिलीतलं पोर मराठी पुस्तकासमोर गप्प बसतं, तेव्हा त्याला मठ्ठ म्हणणं सोपं असतं. मी त्याच्याशी आधी गोरबोलीत बोलते. मग मराठीही भरभर येते. घरची बोली शिक्षणाच्या आड येत नाही, हा माझा अनुभव.

गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. आम्ही ती देवनागरीत लिहितो, तेलंगणातले तेलुगूत. जनगणनेत लमाणी, बंजारी ही नावं हिंदीच्या पोटात टाकली जातात. पण तिथे त्यांचा आकडा तरी वेगळा छापला जातो. म्हणून तांड्यातल्या भावा-बहिणींना सांगणं आहे: मोजणीला कुणी दारात आलं की मातृभाषेच्या रकान्यात मराठी किंवा हिंदी सांगून मोकळे होऊ नका. घरात जी बोलता, तीच लिहायला सांगा.