घाण्यापासून पाउचपर्यंत

ज्वारीच्या शेताला कडेने करडई पेरायची, ही मराठवाड्याची जुनी रीत. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत आणि घरचं तेलही निघतं. जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला, घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावच्या पट्ट्यात आता कापूस, सोयाबीन आणि ऊस दिसतो. 1981 साली जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासूनच्या चाळीसेक वर्षांत इथल्या कढईतलं तेल बदललं. घाण्याच्या करडीतेलाची जागा सोयाबीनच्या आणि पामच्या रिफाईंड तेलाने घेतली. तेलातली नको असलेली द्रव्यंही त्याबरोबर बदलत गेली.

रिफाईंडला सरसकट विष म्हणणाऱ्यांनी आधी सरकीकडे बघावं. ढेप म्हशीला आणि तेल माणसाला, हा कापसाच्या मुलखाचा हिशेब. पण सरकीचं कच्चं तेल काळपट असतं आणि त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी रंगद्रव्य असतं. कॉस्टिक सोडा घातला की ते साबणाच्या गाळाबरोबर निघून जातं. त्याशिवाय हे तेल खाण्याजोगं होत नाही. शेंगदाण्याची गोष्टही अशीच. 1960 साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी पटापट मेले, त्याचा माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत लागला आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष उजेडात आलं. बुरशीचे दाणे घाण्यात गेले तर त्याचा काही अंश तेलात उतरतो. सोड्याच्या आणि ब्लीचिंग मातीच्या टप्प्यात तो जवळजवळ संपतो. नुसत्या गाळून घेतलेल्या तेलाला ही सोय नाही.

सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 ते 20 टक्के, ते घाण्याला परवडत नाही. म्हणून हेक्झेन या द्रावकात ते विरघळवून काढायचं, मागे उरलेली पेंड, म्हणजे डीओसी, कोंबड्यांच्या खाद्याला पाठवायची आणि तेलातलं हेक्झेन उष्णतेने आणि वाफेने उडवायचं.

प्रक्रियेने तेलात नवं काही घातलं, याचं भारतातलं पहिलं मोठं उदाहरण म्हणजे वनस्पती तूप. 1937 साली डालडा बाजारात आला. निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन सोडला की ते थिजतं, पण अर्धवट थिजवताना ट्रान्स फॅट तयार होतं. गंमत अशी की कायद्याला बरीच वर्षं काळजी होती ती तुपातल्या भेसळीची. वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती झाली, कारण तिळाचा अंश रासायनिक चाचणीत लाल रंग देतो आणि भेसळ पकडली जाते. ट्रान्स फॅटची पाळी फार उशिरा आली. 2021 च्या जानेवारीत मर्यादा 3 टक्के झाली, 2022 मध्ये 2 टक्के.

दरम्यान 1994 साली पामोलिनची आयात खुली झाली होती. पामची खरी अडचण रिफायनरीच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे वास काढताना येते. निर्वात टाकीत तेल 230 ते 260 अंशांपर्यंत तापवून त्यातून वाफ सोडतात. वास जातो, आम्लं जातात, काही कीटकनाशकांचे अंशही जातात. पण तेलात क्लोरीनची संयुगं उरली असतील तर त्याच उष्णतेत 3-एमसीपीडी या नको असलेल्या द्रव्याची एस्टरं तयार होतात, आणि 230 अंशांच्या पुढे ग्लिसिडिल एस्टरं झपाट्याने वाढतात. ती बनतात मुख्यतः डायग्लिसराइडांपासून. तेलताडाचं फळ तोडल्यावर चेचलं, पडून राहिलं, की त्यातली विकरं तेल फोडत राहतात. म्हणून पाममध्ये डायग्लिसराइडं जास्त.

रिफाईंड तेलातली 3-एमसीपीडीची एस्टरं 2006 मध्ये प्रागच्या संशोधकांनी दाखवून दिली. तीन वर्षांनी जपानमध्ये खळबळ उडाली. काओ कंपनीचं इकोना हे तेल ‘आरोग्यदायी’ म्हणून खपत होतं आणि त्याची ख्याती होती डायग्लिसराइडांवरच! ग्लिसिडिल एस्टरं भरपूर सापडल्यावर सप्टेंबर 2009 मध्ये कंपनीने विक्री थांबवली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2016 च्या अहवालात पाममध्ये या एस्टरांतल्या ग्लिसिडॉलची सरासरी किलोमागे 3,955 मायक्रोग्रॅम होती. इतर तेलांत ती कितीतरी कमी. 2018 मध्ये युरोपने 1,000 ची मर्यादा घातली.

उपाय मात्र टाकीच्या फार आधी सुरू होतात. फळ लवकर गिरणीत न्यायचं, कच्चं तेल पाण्याने धुऊन क्लोराइडं काढायची, हायड्रोक्लोरिक आम्लाने सक्रिय केलेली ब्लीचिंग माती टाळायची आणि वास काढताना तापमान शक्य तितकं खाली ठेवायचं.

मधल्या काळात लाकडी घाण्याचं तेल पुन्हा मागितलं जाऊ लागलं आहे, फक्त बैलाच्या जागी आता मोटर आहे. या तेलाला 230 अंशांचा चटका बसत नाही, पण दाणे वाळवून, निवडून घेतले होते का, हे घाणेवाल्यालाच विचारावं लागतं. किराणा दुकानातल्या रिफाईंडच्या पाउचवर ट्रान्स फॅटचा आकडा असतो, अ आणि ड जीवनसत्त्व मिसळल्याची खूणही असते. वास काढताना ते तेल किती अंशांवर आणि किती वेळ तापवलं, ते त्यावर छापलेलं नसतं.