सात वाचायला, बारा लिहायला

जुनी दप्तरं, नव्या खिडक्या : लेखांक 6

रात्री पावणेबारानंतर आयआरसीटीसीवर तिकीट काढायला बसलेल्या माणसाला थोडा वेळ ताटकळावं लागतं. इंटरनेटवरचं दुकान रोज रात्री मिटतं, कारण माल त्या दुकानात नसतोच. कुठल्या गाडीत कोणता बर्थ रिकामा, हा हिशेब रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेच्या आरक्षण प्रणालीत असतो, आणि ती प्रणाली भारतात इंटरनेट घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची. 1980च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत सुरू झालेलं संगणकीय आरक्षण मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबादपर्यंत पसरलं आणि 1999 साली ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली. सगळी रचना काउंटरवरच्या कारकुनासाठी होती : दिवसभर आरक्षण, खिडकी बंद झाली की दिवसअखेरची कामं.

3 ऑगस्ट 2002 रोजी ऑनलाइन आरक्षण सुरू झालं तेव्हा रेल्वेने हा गाभा मोडला नाही. घरबसल्या प्रवाशाची मागणी कारकुनाच्या मागणीसारखीच आत नेऊन देणारा एक थर मध्ये बसवला. तिकीट मात्र सुरुवातीला छापून कुरिअरने घरी येई! ई-तिकीट आलं 2005 साली.

रेल्वेला हे जमलं, कारण तिच्या डेटाला राखणदार होता. छोट्या धंद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकी त्याचीच वानवा असते. नव्वदच्या दशकात पतपेढ्या, घाऊक औषधविक्रेते, अडते यांच्यासाठी फॉक्सप्रो किंवा क्लिपरमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम त्यांचा सगळा हिशेब डीबीएफ फायलींत ठेवत. प्रत्येक संगणकावरचा प्रोग्रॅम ती फाईल थेट उघडतो, थेट बदलतो. एका खोलीतले तीन संगणक असतील तर काम झकास चालतं. पण तीच फाईल इंटरनेटवरून उघडू दिली, तर जो तिथवर पोचेल त्याच्या हाती अख्खं दप्तर. म्हणून आधी डेटा सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये न्यायचा, मग ‘कोण, काय, किती’ विचारणारा मधला थर बांधायचा, हा रीतसर मार्ग. दुसरा जुगाडू : प्रोग्रॅम ऑफिसातच चालू ठेवायचा आणि त्याचा फक्त पडदा दूरच्या माणसाला दाखवायचा. अभियंते नाक मुरडतात, पण ज्या पतपेढीचा प्रोग्रॅम लिहिणारा केव्हाच गाव सोडून गेला, तिच्यासाठी हा जुगाड वाईट नाही. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची साथ जानेवारी 2015 मध्येच सोडली. प्रोग्रॅम मात्र अजून निवृत्त व्हायला तयार नाहीत.

सातबाऱ्याचं दुखणं या दोन्हींहून वेगळं.

डहाणू तालुक्यातल्या सरावलीसारख्या गावचा सातबारा दोन रूपांत नांदत होता. एक तलाठ्याच्या दप्तरातला हस्तलिखित, दुसरा संगणकात भरलेला. दोन्ही जुळतीलच याची खात्री नव्हती : कुठे क्षेत्राचा आकडा चुकलेला, कुठे वारसाचं नाव राहून गेलेलं. इथे प्रणालीपुढे नवी खिडकी उघडण्याने काय साधलं असतं? चूक चावडीवरून जगभर गेली असती, एवढंच. म्हणून ‘ई-फेरफार’ राबवताना हस्तलिखिताशी तंतोतंत जुळवणी करावी लागली आणि 2017 साली गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा लोकांसमोर मोठ्याने वाचायचा, हरकत आली की तपासायची. डेटा तपासण्याची याहून चांगली पद्धत कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीला सुचली असती असं वाटत नाही. तोवर ऑनलाइन दिसणारा उतारा निव्वळ माहितीपुरता होता. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. शुल्क 15 रुपये.

डहाणू-तलासरीत आणखी एक पेच आहे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि विक्री असेल तर त्याआधी शासनाची मान्यताही. कागदी उताऱ्यावर असं बंधन शेऱ्यात दिसतं. जाणता तलाठी तो वाचून जागच्या जागी थांबतो. संगणकाला शेरा म्हणजे नुसती अक्षरं. बंधन स्वतंत्र रकान्यात, ठरलेल्या संकेताने नोंदवलं तरच प्रोग्रॅम व्यवहार अडवू शकतो. जुनी प्रणाली नेटवर आणताना सर्वांत जास्त वेळ जातो तो इथे, माणसाच्या डोक्यातले नियम डेटात उतरवण्यात.

त्यामुळेच लिहिण्याचा हक्क जपून दिला गेला. खरेदीखत नोंदलं की दुय्यम निबंधकाकडची माहिती थेट तहसीलकडे जाते, फेरफार धरला जातो. पण हरकतींसाठीचे 15 दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन संगणकाला टाळता येत नाही. नमुना 7 म्हणजे मालकी. तो लोकांनी वाचावा, अर्ज करावा, थेट हात लावू नये.

नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद, आणि तिथे शासनाने बरंच धाडस केलं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरीच मोबाईलवर आपलं पीक नोंदवतो. फोटोसोबत अक्षांश-रेखांश जातात, त्यामुळे चिकूची वाडी सरावलीत आणि फोटो भलतीकडचा असं करणं अवघड. पुढे नोंद दुरुस्त करायला 48 तासांची मुभा मिळाली, आणि काही नोंदी तलाठी प्रत्यक्ष तपासतो. एकाच कागदाच्या दोन अर्ध्यांना दोन वेगळे दरवाजे लागले, कारण पीक चुकीचं नोंदलं तर पुढच्या हंगामात नवी नोंद होते. मालकी चुकली तर प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

(पुढच्या आठवड्यात : 2022 साली केंद्राने मंजूर केलेलं विकास सोसायट्यांचं संगणकीकरण, आणि सचिवांच्या कपाटातली खतावणी.)