एका बाटलीत दहा हजार डोळे

ऊसपट्ट्यातल्या डोळ्यांवर लिही, असं संपादक म्हणाले तेव्हा माझ्या मनात उसाचं पातं होतं. तोडणीत ते डोळ्याला लागतं आणि बुबुळावर बुरशीची जखम चिघळते. मिरजेत एका डॉक्टरांनी मात्र दुसरंच दाखवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालेलं, म्हातारी घरी जाऊन तांदूळ निवडायला लागलेली, आणि तीन आठवड्यांनी नजर धुरकट. बुरशी डोळ्याच्या आत शिरलेली.

मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. जत-आटपाडीकडची माणसं आजही डोळे घेऊन मिरजेला येतात.

ऑपरेशननंतर डोळ्यात शिरलेले जिवाणू बहुधा पहिल्या आठवड्यातच ठणका लावतात, बुरशी दबकत येते. त्यातून ऑपरेशननंतर घालायच्या थेंबांत स्टेरॉइड असतं. त्यानं काही दिवस लाली उतरते, माणूस निर्धास्त होतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. म्हणून संशय आला की डोळ्यातल्या जेलचा अंश सुईनं काढून काचपट्टीवर घेतात, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. बाकीचा गाळ विरघळतो, बुरशी टिकते. सूक्ष्मदर्शकात मला फांद्या फुटलेले धागे दिसले. मध्ये मध्ये आडवे पडदे, थेट उसाची कांडी. हीच बुरशी बशीत वाढवून तिची जात ओळखायची तर कधी दोन आठवडेही जातात. तेवढा वेळ डोळ्याकडे नसतो.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो तो औषध बनवणाऱ्या रेसिडेंट मुलीपाशी. अँफोटेरिसिन या बुरशीनाशकाच्या बाटलीत ५० मिलिग्रॅम पिवळी भुकटी असते. डोळ्यात द्यायचे असतात ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा हजारावा हिस्सा. तिनं आधी १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातलं, त्यातलं ०.१ मिलिलिटर उचलून ९.९ मिलिलिटर डेक्स्ट्रोजमध्ये सोडलं. सलाईन चालत नाही, औषध त्यात फाटतं. मग त्यातलं पुन्हा ०.१. प्रत्येक आकडा ती मोठ्यानं म्हणत होती आणि सिस्टर तो परत म्हणत होत्या. एक शून्य चुकलं तर औषधच डोळ्याचा पडदा जाळेल. ते दोन आवाज ऐकताना माझाच श्वास अडकला होता.

एवढं करूनही डोळा वाचेलच असं नाही. नॅटामायसिन या दुसऱ्या बुरशीनाशकाचे थेंब बुबुळावरच्या जखमेला चालतात, आत खोल पोचत नाहीत. पुष्कळदा जेलच कापून काढावं लागतं, कधी बसवलेली लेन्ससुद्धा. त्याला मशीन लागतं, पडद्याचा सर्जन लागतो, आणि ही दोन्ही तालुक्याला क्वचितच मिळतात. बुरशी कुठून आली, तेही शोधावं लागतं: ऑपरेशनमध्ये वापरलेलं द्रावण, थिएटरचा एसी, की शेजारचं बांधकाम?

माण तालुक्यातल्या त्या आजींच्या हातात पहिल्या ऑपरेशनचं कार्ड होतं. केस कधी धुवायचे, वाकायचं नाही, पुढची तारीख, सगळं त्यावर होतं. नजर धुरकटली तर त्याच दिवशी या, एवढंच नव्हतं. त्यांनी बारा दिवस वाट पाहिली होती, तारीख यायची होती म्हणून.