जुन्या स्पोर्ट्‌स कारला हायड्रॉलिक टॅपेट : शांततेचे गणित

हातकणंगले - जुन्या बुलेटच्या टॅपेटचे झाकण उघडून मेकॅनिक पुशरॉड दोन बोटांत धरतो. तो मोकळा फिरावा, पण वर-खाली हलू नये, एवढीच त्याची कसोटी. रॉयल एनफील्डने 2008 पासून आणलेल्या 'यूसीई' इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले आणि हे काम त्या गाड्यांपुरते संपले. हीच सोय साठ-सत्तरच्या दशकांतील स्पोर्ट्‌स कारना करून घेण्याचा मोह जगभरच्या हौशी मालकांना होतो. मात्र, हा बदल सकृद्दर्शनी वाटतो तितका सोपा नाही.

इंजिन तापले की त्याचे भाग असमान प्रसरण पावतात. व्हॉल्व्ह कायम नीट मिटावा म्हणून साध्या टॅपेटमध्ये थोडी फट मुद्दाम राखावी लागते. पोर्शे 911 च्या जुन्या इंजिनात ती थंड असताना 0.1 मिलिमीटर, तर ब्रिटिश 'एमजीबी'मध्ये सुमारे 0.38 मिलिमीटर ठेवतात. फट वाढली की टकटक ऐकू येते. ती कमी झाली, तर आवाज होत नाही. पण व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प झालेला टॅपेट अधिक घातक, तो यामुळे.

हायड्रॉलिक टॅपेटमध्ये ही फटच उरत नाही. त्याच्या पोटात एक छोटा दट्ट्या, स्प्रिंग आणि तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप असते. व्हॉल्व्ह मिटलेला असताना इंजिनाचे तेल आत शिरते आणि दट्ट्या सरकून मोकळी जागा भरून काढतो. कॅमने टॅपेट उचलला, की झडप बंद होते. कोंडलेले तेल दबत नसल्याने तो घन तुकड्यासारखा वागतो. 1930 च्या दशकाच्या आरंभीच कॅडिलॅक, पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकी मोटारींत ही युक्ती आली होती. आलिशान गाडीला शांतता हवी होती; स्पोर्ट्‌स कारवाल्यांना फेरे हवे होते. म्हणून त्यांनी ती बराच काळ दूर ठेवली.

अशा बदलाचे बोलके उदाहरण म्हणजे पोर्शे 914. 1969 ते 1976 या काळात बनलेल्या या गाडीच्या चार सिलिंडरच्या आवृत्तीत फोक्सवॅगनचेच इंजिन होते. त्याच घराण्यातील इंजिन फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्येही बसे आणि 1978 पासून अमेरिकेत जाणाऱ्या व्हॅनना हायड्रॉलिक टॅपेट मिळाले. साहजिकच ते 914 मध्ये बसविण्याची वाट मोकळी झाली. पण नुसते टॅपेट बदलून भागत नाही. साध्या टॅपेटच्या कॅमला फट हळुवार भरून काढण्यासाठी एक सौम्य चढ दिलेला असतो. फट नाहीशी झाली की व्हॉल्व्ह त्या चढावरच उघडू लागतो, गरजेपेक्षा जास्त वेळ उघडा राहतो आणि इंजिन रिकामे चालताना अडखळते. म्हणून कॅमशाफ्टही हायड्रॉलिकसाठी घडविलेलाच हवा. पुशरॉडची लांबी पुन्हा मोजावी लागते. दट्ट्या साधारण अर्धा ते एक मिलिमीटर दाबलेला राहील, असे माप साधावे लागते. तेलाचे मार्ग स्वच्छ आणि पंप ठणठणीत हवा, हे वेगळे सांगायला नको.

कॅम आणि टॅपेट यांची जोडी हा तर धातुशास्त्राचा विषय. शिरोली औद्योगिक वसाहतीमुळे हातकणंगले तालुक्याला ओतकाम परके नाही. साच्यात जागोजागी धातूचे तुकडे बसवून बीड झटपट थंड केले, की तेथे अतिशय कठीण पृष्ठभाग तयार होतो. याला 'चिल्ड' ओतकाम म्हणतात. सोलापुरात 1992 मध्ये स्थापन झालेली 'प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌स' ही कंपनी याच प्रकारच्या कॅमशाफ्टमुळे जगभरच्या मोटार उत्पादकांपर्यंत पोहोचली. जुन्या कॅमवर नवे टॅपेट किंवा नव्या कॅमवर जुने टॅपेट बसविण्याची काटकसर हमखास अंगाशी येते. जोडी नवीच हवी. पहिली वीस मिनिटे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवून ती एकमेकांवर बसवावी लागते.

तेलाचा प्रश्नही आहेच. झीज रोखणारे जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्य पूर्वी तेलात भरपूर असे. एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून 2004 मध्ये आलेल्या 'एपीआय एसएम' श्रेणीत पातळ तेलांतील फॉस्फरसची मर्यादा 0.08 टक्क्यांवर आली. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनाला असे तेल घालणे धोक्याचे. डबा विकत घेताना ही श्रेणी वाचण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

फेरे फार वाढले की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मिटविता येत नाही. निर्माण झालेली फट हायड्रॉलिक टॅपेट तेलाने भरून टाकतो आणि मग व्हॉल्व्ह उघडाच राहतो. रोजच्या 911 ला पोर्शेने 1993 मध्ये आलेल्या '993' आवृत्तीपासून हायड्रॉलिक टॅपेट दिले. तरी 2017 च्या '911 जीटी3'मध्ये, नऊ हजार फेऱ्यांच्या इंजिनासाठी, कंपनी पुन्हा घट्ट यंत्रणेकडे वळली. त्यातील फट कारखान्यातच कायमची ठरविली जाते.

रविवारी फेरफटका मारण्यापुरती गाडी काढणाऱ्याला हायड्रॉलिक टॅपेट सोयीचे आहेत, पण ते इंजिन अन्य कारणाने उघडले असेल तेव्हाच. केवळ टकटक थांबविण्यासाठी इंजिन खोलण्याआधी फीलर गेज लावून फट तपासावी, रॉकरची झीज आणि एक्झॉस्टची गळती पाहावी. आणि बदल केलाच, तर काढलेला मूळ कॅमशाफ्ट व टॅपेट, कोणता कुठला याच्या खुणा करून, तेल लावून जपून ठेवावेत.