मिठाच्या मैदानावरची फटफटी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी टोकाला इन्व्हरकारगिल नावाचे शहर आहे. त्या शहरातील लोखंडी सामानाच्या एका दुकानात खिळे, कुलपे आणि करवती यांच्या संगतीत एक जुनी मोटारसायकल जपून ठेवलेली आहे. तिला पाहण्यासाठी दूरदूरच्या देशांतील लोक त्या दुकानाची पायरी चढतात.

ही गाडी १९२० साली विकत घेतली गेली, तेव्हा तिचा अधिकात अधिक वेग ताशी सुमारे ८८ किलोमीटर होता. पुढे १९६७ साली त्याच गाडीने ताशी २९६ किलोमीटरांचा वेग गाठला. दरम्यानच्या सत्तेचाळीस वर्षांत ती कोणत्याही मोठ्या कारखान्यात गेली नव्हती, की तिच्या दिमतीला इंजिनियरांचा ताफा नव्हता. एक माणूस, एक गॅरेज, काही कानशी, मोडक्या लोखंडाचा ढीग आणि न संपणारी चिकाटी एवढेच तिचे भांडवल होते. त्या माणसाचे नाव बर्ट मन्रो.

गाडीचे नाव होते 'इंडियन स्काऊट'. हे नाव ऐकून ती हिंदुस्थानात तयार झाली असावी असे कोणासही वाटेल. परंतु तिचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी मोटारसायकली तयार करणारी 'इंडियन' नावाची कंपनी होती. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना तिकडे 'इंडियन' म्हणत, आणि त्यावरून कंपनीने हे नाव घेतले होते. हिंदुस्थान शोधायला निघालेला कोलंबस भलत्याच किनाऱ्याला लागला, आणि त्याची चूक चारशे वर्षांनी एका फटफटीच्या टाकीवर रंगवली गेली, असे म्हटले तरी चालेल.

बर्टचा जन्म १८९९ साली एका शेतकऱ्याच्या घरी झाला, आणि इन्व्हरकारगिलजवळील एडेन्डेल या खेड्यात तो वाढला. यंत्रविद्येचे शिक्षण त्याने कोणत्याही महाविद्यालयात घेतले नाही. मोटारसायकली विकण्याचा व्यवसाय तो करी. दिवसा दुकानात दुसऱ्यांच्या गाड्या विकाव्यात आणि रात्री घरी येऊन आपल्या गाडीवर काम करावे, असा त्याचा क्रम होता. १९२६ च्या सुमारास त्याने आपल्या स्काऊटमध्ये फेरफार करण्यास आरंभ केला.

हे फेरफार कसले, ते समजण्यासाठी इंजिनाचे काम कसे चालते हे पाहिले पाहिजे. इंजिनात एक पोकळ नळकांडे असते. त्यास सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या वरखाली सरकत असतो. तो खाली जाताना पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर येताना ते मिश्रण दाबले जाते. त्या क्षणी ठिणगी पडते, मिश्रण भडकते आणि दट्ट्या जोराने खाली फेकला जातो. तो पुन्हा वर आला की जळलेला धूर बाहेर पडतो. हवा आत घेणे आणि धूर बाहेर टाकणे, असा जणू इंजिनाचा श्वासोच्छ्वासच चाललेला असतो. श्वास जितका मोठा, मिश्रणावरील दाब जितका अधिक आणि हा क्रम एका मिनिटात जितक्या जास्त वेळा घडेल, तितकी इंजिनाची शक्ती अधिक.

स्काऊटच्या इंजिनाला असे दोन सिलिंडर होते. मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा मात्र सिलिंडरच्या डोक्यावर नव्हत्या, बाजूला होत्या. जुन्या वाड्यात दिंडीदरवाजा बंद ठेवून पाहुण्यांना बाजूच्या बोळातून, दोन वळणे घेऊन माजघरात यावे लागले, तर गर्दीच्या दिवशी किती खोळंबा होईल! इंजिनातील मिश्रणाचीही तीच अवस्था होई. शिवाय बाजूच्या झडपांसाठी सिलिंडरला एक जादा कप्पा ठेवावा लागे, आणि त्या रिकाम्या जागेमुळे मिश्रण घट्ट दाबले जात नसे. बर्टने झडपा तेथून उचलून थेट सिलिंडरच्या डोक्यावर नेऊन बसवल्या. मिश्रणाला सरळ वाट मिळाली आणि दाबही वाढला. एका वाक्यात सांगितले तर हे काम लहान वाटते. परंतु त्यासाठी सिलिंडरची नवी डोकी हवीत, झडपा उघडणारे नवे दांडे हवेत, आणि त्या दांड्यांना नेमक्या क्षणी ढकलणारे उंचवटेही नव्याने घडवले पाहिजेत. झडप उघडण्याची वेळ किंचित जरी चुकली, तरी ती दट्ट्यावर आपटून दोहोंचा चुरा होण्याचा संभव असतो.

आपल्याकडे काही उत्साही तरुण गाडीचा सायलेन्सर तेवढा काढून टाकतात आणि गाडी आता वाऱ्यासारखी धावेल असे समजतात. इंजिनाच्या श्वासाची सारी वाट नीट जुळवल्यावाचून धुराच्या नळीचे टोक मोकळे करून काय होणार? वाढतो तो मुख्यतः आवाज. आणि त्याबद्दल दंड भरावा लागतो तो निराळाच.

बर्टने सिलिंडरही मोठे केले. आरंभी सुमारे ६०० घनसेंटिमीटरांचे असलेले हे इंजिन १९६७ पर्यंत ९५० घनसेंटिमीटरांचे झाले होते. नवे भाग विकत घेण्यास त्याच्यापाशी पैसा नव्हता, आणि अशा गाडीसाठी ते कोठे तयारही मिळत नव्हते. बिडाच्या जुन्या गॅसच्या नळापासून त्याने सिलिंडर तयार केले. धातू वितळवून तो स्वतः दट्टे ओतीत असे, आणि साच्यांच्या जागी जुने पत्र्याचे डबे वापरी. दट्ट्याचा जोर खालच्या फिरत्या चाकाकडे पोचवणारा जो दांडा असतो, त्यास कनेक्टिंग रॉड म्हणतात. ते दांडे बर्टने ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढले. केसाएवढी जाडी मोजण्यासाठी कारखान्यात मायक्रोमीटर नावाचे उपकरण असते. बर्टने ते काम चाकातील एका जुन्या तारेवर भागवले.

हे सारे पहिल्याच प्रयत्नात साधले असेल असे कोणी समजू नये. हाताने ओतलेल्या दट्ट्यात कोठेतरी हवेचा बुडबुडा राही, आणि भर वेगात तो दट्ट्या फुटे. दांडे तुटत, आणि तुटलेला दांडा इंजिनाला आतून फोडून काढी. महिनोन्महिने खपून घडवलेली वस्तू एका क्षणात भंगार होई. बर्टच्या गॅरेजमध्ये एक फळी होती. तिच्यावर त्याने असे फुटके, वितळलेले, तुटलेले भाग ओळीने मांडून ठेवले होते आणि वर लिहिले होते, की हे सारे वेगाच्या देवाला वाहिलेले नैवेद्य आहेत. त्याचा विनोदी स्वभाव त्यातून दिसतो. परंतु ती फळी त्याची पाठशाळाही होती. प्रत्येक तुकड्यावर तो कोठे आणि कसा तुटला याची खूण असे, आणि त्यावरून पुढचा भाग कोठे जाड करावा, कोठे बारीक करावा, हे बर्टला कळत असे.

एक भाग बळकट केला, की ओझे दुसऱ्या भागावर जाऊन पडते, हे यंत्राचे वैशिष्ट्य आहे. इंजिनाची शक्ती वाढली तेव्हा दांडे तुटू लागले. दांडे मजबूत झाले तेव्हा इंजिनाची शक्ती चाकाकडे पोचवणारा क्लच घसरू लागला. मग बर्टने सतरा तबकड्यांचा नवा क्लच बनवला. पुढे टायरांची पाळी आली. ताशी २९६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८२ मीटर. चाकाचा घेर दोन मीटर धरला, तर ते चाक एका सेकंदात एकेचाळीस वेळा फिरते! इतक्या गतीने फिरताना टायरवरचे जड रबर बाहेर फेकले जाऊ पाहते. म्हणून बर्ट टायरवरची नक्षी सुरीने तासून टायर हलका करीत असे. पावसाळ्यातील ओल्या रस्त्यावर असा गुळगुळीत टायर म्हणजे मृत्यूला आमंत्रणच होय. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत सहसा करता येत नाही, त्याचे कारण हेच. कोणत्या भागाचे ओझे कोणावर जाऊन पडेल हे मालकाला ठाऊक नसते, आणि रस्त्यावर त्याच्याखेरीज इतरही लोक असतात.

इतके करूनही बर्टचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी इंजिनाच्या बाहेरच होता. तो म्हणजे वारा. सायकलवरून उतारावर जाताना हवा छातीवर दाब देते, हे प्रत्येकाने अनुभवले असेल. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि वेग तिप्पट झाला की नऊपट. हा नऊपट विरोध तिप्पट वेगाने मागे सारायचा; म्हणजे केवळ हवेचाच विचार केला, तरी इंजिनाची शक्ती नऊ गुणिले तीन, अर्थात सत्तावीसपट व्हावयास हवी. कानस कितीही घासली तरी सहाशे घनसेंटिमीटरांच्या इंजिनातून सत्तावीसपट शक्ती निघणे कठीण. तेव्हा शक्ती वाढवीत असतानाच हवेचा विरोध कमी केला पाहिजे, हे बर्टने ओळखले.

पाण्यात माशाला मासा होऊनच पोहावे लागते. बर्टने गाडीभोवती माशाच्या आकाराचे कवच घालण्याचे ठरवले. ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून त्याने ते घडवले, आणि पुढे फायबरग्लासचे कवच केले. त्या कवचात पोटावर पडून, हनुवटी पुढे करून गाडी हाकावी लागे. फायदा मोठा होता. परंतु एक नवा धोकाही होता. बाणाची पिसे मागच्या टोकाला असतात, म्हणून तो सरळ जातो. तीच पुढे लावली तर बाण हवेत भरकटेल. गाडीच्या कवचावर वाऱ्याचा भार पुढच्या अंगाला अधिक पडला, की गाडीही अशीच डगमगू लागते. हा दोष संथ वेगात मुळीच दिसत नाही. तो दिसतो तेव्हा थांबणे शक्य नसते.

इन्व्हरकारगिलजवळ ओरेटी नावाचा लांबलचक पुळणीचा किनारा आहे. ओहोटीच्या वेळी ओली वाळू कठीण झाली, की बर्ट तेथे गाडी पळवून पाही. १९५७ साली त्याच किनाऱ्यावर त्याने ताशी २११ किलोमीटरांचा वेग गाठला. त्यापुढे मात्र किनारा अपुरा पडू लागला. गाडीला वेग घेण्यास आणि मग थांबण्यास कित्येक किलोमीटरांची सपाट जमीन हवी होती.

अशी जमीन अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे आहे. प्राचीन काळी तेथे एक प्रचंड सरोवर होते. ते आटले आणि तळाशी मिठाचा पांढराशुभ्र, कठीण थर राहिला. तेथे झाड नाही, चढ नाही, वळण नाही. हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंच आहे. त्यामुळे तेथील हवा विरळ असते आणि विरोध कमी करते. परंतु इंजिनालाही श्वासासाठी तीच विरळ हवा मिळते. एका हाताने दिलेले निसर्ग दुसऱ्या हाताने थोडेसे काढून घेतो, तो असा.

सातासमुद्रांपलीकडच्या या मैदानावर बर्ट एकूण दहा वेळा गेला. १९६२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने ८८३ घनसेंटिमीटरांच्या वर्गात ताशी २८८ किलोमीटरांचा विक्रम केला. १९६६ साली दुसरा विक्रम झाला. १९६७ साली, १००० घनसेंटिमीटरांखालील वर्गात, त्याने तिसरा विक्रम नोंदवला. त्या वर्षी पात्रतेच्या एका धावेत, एकाच दिशेने जाताना, त्याच्या गाडीने ताशी ३०५ किलोमीटरांहून अधिक वेग घेतला होता. परंतु विक्रमासाठी एका दिशेची धाव धरत नाहीत. गाडी जाऊन परत यावी लागते आणि दोन्ही धावांची सरासरी काढतात. न जाणो, एका दिशेला वारा पाठीशी असावयाचा.

त्याच १९६७ सालची एक धाव त्याच्या जिवावर बेतली होती. मार्ग दाखवण्यासाठी मिठावर काळी रेघ आखलेली असते. अर्ध्याहून थोडे अधिक अंतर गेल्यावर गाडी भयंकर डगमगू लागली. वेग आवरण्यासाठी बर्टने एक उपाय केला : तो कवचातून उठून बसला. ज्या वाऱ्याला चुकवण्यासाठी त्याने वर्षानुवर्षे पत्रा ठोकला होता, त्यालाच त्याने ब्रेक म्हणून हाक मारली. वाऱ्याने त्याचा चष्मा उडवून नेला. डोळ्यांना काहीच दिसेना. गाडी काळ्या रेघेपासून दूर भरकटली आणि खुणेसाठी रोवलेला एक पोलादी खांब काही अंगुळांच्या अंतराने चुकला. शेवटी त्याने गाडी आडवी पाडली. थोडेफार खरचटण्यापलीकडे त्याला इजा झाली नाही, हे नवलच म्हटले पाहिजे.

१९६७ च्या विक्रमाचा वेग त्या वेळी ताशी १८३.५९ मैल, म्हणजे २९५.४५ किलोमीटर असा नोंदला गेला होता. बर्ट १९७८ साली वारला. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्याचा मुलगा जॉन जुने आकडे पाहत असता, हिशेबात चूक झाली आहे असे त्याच्या ध्यानात आले. त्याने ती अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेस कळवली. संघटनेने पडताळा पाहिला आणि २०१४ साली विक्रमाचा आकडा सुधारून १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२६ किलोमीटर केला. विक्रमात पडलेली भर एका किलोमीटराहूनही कमी होती.