पुनर्भरित काडतुसे : गोळी बसविण्यातील विषमता

एकदा उडविलेल्या काडतुसाच्या पितळी कवचात नवी टोपी, मोजून घेतलेली निर्धूर दारू व नवी गोळी घालून ते पुन्हा वापरण्याजोगे करणे, या क्रियेस पुनर्भरण म्हणतात. गोळी कवचात ठराविक खोलीपर्यंत दाबून बसविणे हा त्यातील जवळजवळ शेवटचा टप्पा होय. एकाच यंत्रावर व एकाच मांडणीत भरलेल्या काडतुसांत ही खोली कमीजास्त होऊ लागली, तर तिला गोळी बसविण्यातील विषमता असे म्हणता येईल. पिस्तुलाच्या लहान काडतुसांत हा दोष केवळ नेमबाजीच्या अचूकतेपुरता मर्यादित राहत नाही. त्यामुळे कवच फुटून शस्त्राची हानी व नेमबाजाच्या हातांस किंवा डोळ्यांस इजा होऊ शकते.

पार्श्वभूमी : १८६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर व अमेरिकेत हायरम बर्डन यांनी मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांच्या दोन पद्धती प्रचारात आणल्या. बॉक्सर पद्धतीच्या कवचाच्या बुडाशी मध्यावर एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलता येते. म्हणून घरगुती पुनर्भरणास हीच पद्धत सोयीची ठरली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा छंद विशेष रुजलेला आहे.

खोलीचे महत्त्व : गोळीच्या बुडामागे कवचात जी मोकळी जागा उरते, तीत दारूचे ज्वलन सुरू होते. निर्धूर दारूच्या ज्वलनाचा वेग दाबाबरोबर वाढतो. गोळी अधिक खोल बसली की ही जागा आक्रसते, आरंभीचा दाब वाढतो, दारू अधिक वेगाने जळते व त्यामुळे दाब आणखी वाढतो. ९ मिमी. ल्यूगर काडतुसाच्या कवचाचे एकूण घनफळ सु. ०·८६ घ. सेंमी. असून त्याचा बराच भाग गोळीच व्यापते. गोळी केवळ ०·५ मिमी. अधिक खोल गेल्यास सु. ०·०३ घ. सेंमी. जागा कमी होते. ही घट उरलेल्या जागेच्या मानाने लक्षणीय असते. स्पीअर या अमेरिकन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या ९ मिमी. काडतुसांवरील एका प्रयोगात गोळी ०·७६ मिमी. अधिक खोल बसविली असता दाब २८,००० वरून ६२,००० एककांवर (तांब्याच्या चिरडणीवरून मोजलेला दाब) गेला. म्हणजे तो दुपटीहून अधिक झाला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सॅमी’ या अमेरिकन उत्पादकांच्या प्रमाणक संस्थेने ९ मिमी. ल्यूगरसाठी दर चौ. इंचास ३५,००० पौंड (सु. २४१ मेगॅपास्काल) ही कमाल दाबाची मर्यादा घातली आहे. ०·४५ इंची ऑटो काडतुसाची मर्यादा २१,००० पौंड (सु. १४५ मेगॅपास्काल) असून त्याचे कवचही मोठे आहे; म्हणून त्यात तेवढ्याच चुकीचा परिणाम तुलनेने सौम्य असतो.

उलट गोळी उथळ बसल्यास काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही, किंवा गोळी नळीतील सर्पिल खोबणींना टेकून काडतूस कोठीत पूर्ण शिरत नाही. ९ मिमी. ल्यूगर काडतुसाची कमाल लांबी २९·६९ मिमी. ठरविलेली आहे.

मापनातील भास : दोष शोधताना प्रथम मापन तपासावे. व्हर्नियर कॅलिपरने काडतुसाची लांबी बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत मोजतात. परंतु डायमधील दट्ट्या गोळीच्या अगदी टोकावर दाब देतोच असे नाही. बहुधा तो टोकाखालील वक्र भागावर टेकतो. शिशाच्या किंवा पोकळ टोकाच्या गोळ्यांची टोके मुळातच थोडी असमान असतात. अशा वेळी एकूण लांबी बदलली, तरी गोळीचे बूड योग्य खोलीवरच असू शकते. म्हणून न भरलेल्या दहा-वीस गोळ्यांची लांबी आधी मोजावी. काडतुसांच्या लांबीतील फरक गोळ्यांच्या फरकाएवढाच असेल, तर यंत्रात दोष नाही असे समजावे. पिस्तुलाच्या सरावाच्या काडतुसांत ०·०५ ते ०·१० मिमी. फरक सामान्यतः चालवून घेतला जातो.

फरकाच्या क्रमावरून निदान : भरलेली काडतुसे क्रमाने मांडून मोजल्यास दोषाचे मूळ बहुधा कळून येते. लांबी एकाच दिशेने हळूहळू कमी होत असेल, तर दट्ट्याच्या पोकळीत मेण, वंगण व शिशाचा चुरा साचत असतो. साचलेला थर गोळीस तेवढेच अधिक खाली ढकलतो. दट्ट्या काढून स्वच्छ केल्यावर लांबी पूर्ववत होते. लांबी हळूहळू वाढत असेल, तर डायचा चेकनट सैल होऊन डाय वर सरकत असण्याचा संभव असतो.

अनेक टप्प्यांची कामे एकाच वेळी करणाऱ्या दाबयंत्रात फिरत्या चकतीवरील सर्व जागा भरलेल्या असताना कवच आवळणाऱ्या डायचा विरोध चकतीस किंचित वाकवितो. त्यामुळे मधल्या काडतुसांची लांबी वेगळी, आणि चकती रिकामी होताना भरलेल्या अखेरच्या काडतुसांची वेगळी येते. म्हणून डायची मांडणी सर्व जागा भरलेल्या असतानाच करावी. यंत्राची दांडी दर वेळी शेवटपर्यंत व सारख्याच जोराने ओढली नाही, तरीही असाच फरक पडतो.

फरकास कोणताच क्रम नसेल, तर कारण बहुधा गोळ्यांत किंवा कवचांत असते. निरनिराळ्या बनावटींच्या कवचांची जाडी सारखी नसते; त्यामुळे गोळी आत जाताना होणारा विरोध व यंत्राचा ताण बदलत राहतो. कवचे बनावटीनुसार वेगळी काढणे हा यावरील साधा उपाय होय. गोळीच्या आकाराशी न जुळणारा दट्ट्या गोळीवर कडेचा वळ उमटवितो. तो बदलून घ्यावा लागतो. कवचाचे तोंड पुरेसे फाकविलेले नसल्यास गोळी तिरकी शिरते व शिशाची कातरण निघते.

आवळणीचे दोष : अनेक डायमध्ये गोळी बसविणे व कवचाचे तोंड आवळणे ही कामे एकत्र होतात. कवचांची लांबी कमीजास्त असेल, तर लांब कवचात गोळी खाली जात असतानाच आवळणी सुरू होते. दोन्ही कामे वेगळ्या डायवर केल्याने ही अडचण टळते. ९ मिमी. व ०·४५ इंची काडतुसे कोठीत कवचाच्या तोंडावर टेकून राहतात; म्हणून त्यांना हलकी निमुळती आवळणीच योग्य ठरते. ०·३८ स्पेशलसारखी रिव्हॉल्व्हरची काडतुसे कडेवर टेकत असल्याने त्यांचे तोंड आत वळविता येते.

गोळीवरील पकड मुख्यतः आवळणीमुळे नव्हे, तर कवचाच्या भिंतीच्या ताणामुळे असते. जास्त आवळल्यास पितळ थोडे मागे उसळते, शिसे मात्र दबलेलेच राहते व पकड उलट सैल होते. अशी गोळी भरताना योग्य खोलीवर बसलेली असली, तरी पिस्तुलात शिरताना उतरणीवर आपटून आत सरकते. रिव्हॉल्व्हरमध्ये याच्या उलट घडते. धक्क्यामुळे उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे येऊन फिरते चक्र अडते. पकड तपासण्यासाठी टोपी व दारू नसलेले नकली काडतूस मोजून घेऊन ते पिस्तुलातून काही वेळा फिरवावे व पुन्हा मोजावे. लांबी घटल्यास कवच पुरेसे आवळले गेलेले नाही किंवा तोंड फाकविणारी दांडी प्रमाणाबाहेर जाड आहे, असे अनुमान करता येते.

सदोष काडतुसांची व्यवस्था : उथळ बसलेली गोळी पुन्हा दाबून योग्य खोलीवर आणता येते. खोल गेलेल्या गोळीचे काडतूस मात्र उडवू नये. हातोडीच्या आकाराच्या खास साधनाने गोळी काढून ते मोकळे करावे. दोन गोळ्यांचे वजन सारखे असले, तरी लांबी व आकार वेगळे असू शकतात. म्हणून एका गोळीसाठी छापलेली दारूची मात्रा व काडतुसाची लांबी दुसरीस लावणे धोक्याचे असते. गोळी किंवा डाय बदलताच प्रथम नकली काडतुसे तयार करून मांडणी नव्याने ठरविणे आवश्यक होय.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. लहान शस्त्रांची काडतुसे महाराष्ट्रात खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव (जि. जळगाव) येथील कारखान्यांत तयार होतात.